लांज्याचं पाणी आणि आजीचं कुंकू

इल्फर्डच्या एचपी५ फिल्मचा डबा उलगडला की आतल्या बाजूला बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला दिसतो. कुठल्या डेव्हलपरमध्ये किती मिनिटं. आयडी-११ नुसता वापरला तर साडेसात मिनिटं, एकास एक पाणी घातलं तर तेरा, एकास तीन घातलं तर वीस. हे सगळं २० अंश सेल्सियसला. कोडॅकच्या कागदांवरही तेच २० अंश. जगातले सगळे तक्ते २० अंशांचे! इंग्लंडमधल्या माणसाला नळाचं पाणी थोडं कोमट केलं की काम भागतं. पण आमच्या लांज्यातल्या विहिरीचं पाणी मी दोन वर्षं मोजतोय (एक्सेल शीट आहे, हसू नका), ते बारा महिने २६-२७ च्या आसपासच असतं. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी ३६ वर गेलेलं मी स्वतः पाहिलंय. त्या पाण्यात फिल्म धुवायची की भात शिजवायचा?

तर मंडळी, हा वीकेंडचा लेख कृष्णधवल फोटोंसाठी फिल्म कुठली घ्यावी आणि डेव्हलपर कुठला, या विषयावर. ऑफिसातल्या दोघातिघांना मी जुन्या पेंटॅक्स के१००० वर फोटो काढतो हे कळल्यापासून दर सोमवारी चहाच्या मशीनपाशी हाच प्रश्न असतो. ट्राय-एक्स चांगली की एचपी५? रॉडिनाल की डी-७६? मला वाटतं हे प्रश्न टॅब्स की स्पेसेस या जातीचे आहेत. भांडायला उत्तम, पण उत्तर मिळून हाती काही लागत नाही. मी त्याआधी दोन गोष्टी विचारतो. तुमच्याकडचं पाणी किती गरम आहे, आणि फोटोत जे दिसायलाच हवं त्याचा रंग कोणता?

आधी पाण्याचं सांगतो, ते त्यातल्या त्यात सोपं.

फिल्मवर जिलेटिनचा थर असतो आणि त्यात चांदीच्या क्षारांचे कण. उजेड पडलेल्या कणांची शुद्ध चांदी करणं हे डेव्हलपरचं काम. डी-७६ हा कोडॅकचा १९२७ सालचा डेव्हलपर अजून सगळ्यांचा गुरू आहे. लिटरभर पाण्यात २ ग्रॅम मेटॉल, ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, १०० ग्रॅम सोडियम सल्फाइट आणि २ ग्रॅम बोरॅक्स. बस्स, एवढंच. आयडी-११ म्हणजे जवळपास हेच, इल्फर्डच्या पिशवीत. पाणी जितकं गरम तितकं हे काम भरभर होतं. माझा ढोबळ हिशोब असा, की एक अंश वाढला की वेळ दहा टक्क्यांनी कमी करायचा. म्हणजे २८ अंशांना साडेसात मिनिटांची होतात सव्वातीन. सव्वातीन मिनिटांत डेव्हलपर ओतण्यात आणि काढण्यातच अर्धं मिनिट जातं, आणि आकाशात ढगाळ डाग पडतात. पाच मिनिटांच्या आत आटपणारं डेव्हलपिंग सहसा एकसारखं होत नाही.

यावर सगळे सुचवतात तो उपाय म्हणजे बर्फ. बाजारातून बर्फ आणा, परातीत टाका, बाटल्या त्यात बुडवा. डेव्हलपर येतो २० वर, हे खरं. पण नंतर धुवायचं पाणी असतं २७ चं, आणि तेही बादल्या बादल्या लागतं. जिलेटिन हे थंडातून एकदम गरमात गेलं की सुरकुततं, आणि एकदा सुरकुतलं की सुरकुतलं, फिल्मवर तळ्यातल्या सुकलेल्या चिखलासारख्या भेगा. हल्लीच्या इल्फर्ड-कोडॅकच्या फिल्म बऱ्याच टणक असतात, त्या सहसा दगा देत नाहीत. फोमासारख्या स्वस्त फिल्मचा थर मात्र मऊ असतो, तो ओला असताना नखाचाही ओरखडा सहन करत नाही. म्हणून लांज्यात मी फोमा वापरत नाही. पुण्यात डिसेंबरमध्ये खुशाल वापरतो.

माझा उपाय उलटा आहे. सगळंच २७ वर ठेवायचं. डेव्हलपर, हायपो, धुवायचं पाणी, सगळ्या बाटल्या आदल्या रात्री विहिरीच्या पाण्याने भरलेल्या घंगाळात ठेवून द्यायच्या. सकाळी सगळ्यांचं तापमान एक. आणि डेव्हलपर पातळ करायचा. एकास तीन पाणी घातलेल्या डेव्हलपरला तक्त्यात वीस मिनिटं लिहिलेली असतात म्हणून थंड देशातले लोक कंटाळतात. आपल्याकडे त्याच वीस मिनिटांची साडेनऊ होतात. झकास! ना घाई, ना कंटाळा.

डेव्हलपर मी घरी बनवतो तो डी-२३. लिटरला साडेसात ग्रॅम मेटॉल आणि १०० ग्रॅम सल्फाइट. दोनच वस्तू, मुंबईत बोरा बाजारात गेलो की वर्षाचं सामान घेऊन येतो. यात हायड्रोक्विनोन नाही, हे मुद्दाम. हायड्रोक्विनोन थंडीत झोपा काढतं आणि उन्हाळ्यात अंगात आल्यासारखं करतं, मेटॉल त्या मानाने शांत. एकटं मेटॉल असलं की गरमीतही निगेटिव्ह फार भडक होत नाही. एचपी५ ला एकास तीन, २७ अंश, दहा मिनिटं. एका रोलला मूळ डेव्हलपर सव्वाशे मिलिलिटर तरी मिळायला हवा, म्हणून टाकी अर्ध्या लिटरची घ्या. तीनशेच्या टाकीत एकास तीन केलंत तर डेव्हलपर मध्येच दमतो.

आणि हायपोत तुरटी! जुन्या पुस्तकांतल्या फिक्सरच्या कृतीत लिटरला १५ ग्रॅम पोटॅशियम ॲलम असतं, जिलेटिन टणक करायला. पोटॅशियम ॲलम म्हणजे आपली तुरटी, पावसाळ्यात गढूळ पाण्यात फिरवतो तीच. हे वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. (फक्त आम्लयुक्त हायपोतच घाला, नाहीतर पांढरा साका बसतो.) कोकणातल्या घरातली वस्तू थेट फोटोच्या रसायनात! मग कोकमाचं आगळ स्टॉप बाथ म्हणून चालेल का, असाही विचार आला होता, पण आईने बाटली दिली नाही. लिंबूसत्वावर भागवतो.

असो. पाण्याचं झालं. आता रंगाचं.

आमच्या माजघरात आजी-आजोबांचा लग्नातला फोटो आहे, १९५६ सालचा, रत्नागिरीच्या एका स्टुडिओतला. आजी अठरा वर्षांची, नऊवारी, मुंडावळ्या, आणि कपाळावर काळंकुट्ट कुंकू. काळं म्हणजे अगदी काजळाचा ठिपका. लहानपणी आम्ही भावंडं तिला चिडवायचो, "आजी, लग्नात दृष्ट लागू नये म्हणून कपाळालाच तीट लावलीस काय गो?" ती म्हणायची, "लालच होतं रे मेल्यांनो, त्या फोटोवाल्याने काळं केलंन."

दुसरा फोटो १९७४ च्या गणपतीतला. मुंबईला नोकरीला असलेल्या काकाने मित्राची यशिका मॅट आणली होती आणि तिच्यात इंदूचा रोल. (इंदू म्हणजे आपल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा. सरकारी कंपनी, १९६० सालची, आता बंद पडली. एके काळी गावोगावच्या दुकानांत हाच रोल मिळायचा.) संध्याकाळची आरती झाल्यावर माजघरात शंभराच्या बल्बखाली सगळ्यांना श्वास रोखून बसवून त्याने फोटो काढला. फोटो सुरेख आला. फक्त आजीचं कपाळ रिकामं. कुंकू नाहीच! आजोबा शेजारी टोपी घालून बसलेत, आणि तिच्या कपाळावर काही नाही. तो फोटो आजीने कधी भिंतीवर लावू दिला नाही. ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, पालथा. काका पुढे कितीतरी वर्षं शपथेवर सांगायचा की मी काही केलं नाही, आणि त्याने खरंच काही केलं नव्हतं. केलं होतं ते फिल्मने.

चांदीचे क्षार मुळात फक्त निळा-जांभळा उजेड पाहतात. १८७३ मध्ये बर्लिनच्या हेरमान फोगेलने शोधून काढलं की काही विशिष्ट रंग मिसळले तर त्यांना हिरवाही दिसायला लागतो. त्या फिल्मला ऑर्थोक्रोमॅटिक म्हणतात. तिला लाल दिसत नाही, म्हणून लाल वस्तू काळी येते. पुढे लालही दिसणारी आली, ती पॅनक्रोमॅटिक. एचपी५, ट्राय-एक्स, आज दुकानात मिळणाऱ्या बहुतेक सगळ्या याच जातीच्या. आता गंमत बघा. जुन्या बल्बचा उजेड लालसर. कातडी लाल उजेड भरपूर परतवते, आणि कुंकूही. पॅनक्रोमॅटिक फिल्मला दोन्ही सारख्याच राखाडी दिसतात. संपलं! १९५६ चा फोटो बहुधा ऑर्थोवरचा, म्हणून काळं कुंकू. १९७४ चा पॅनवर आणि बल्बखाली, म्हणून रिकामं कपाळ. एकाच बाईचं एकच कुंकू.

गावोगावच्या स्टुडिओवाल्यांनी ऑर्थो इतकी वर्षं का सोडली नसेल, याचा मी बराच विचार केला. मला वाटतं याचं उत्तर परत पाण्यातच आहे. ऑर्थोला लाल दिसत नाही, म्हणजे लाल दिव्याखाली ती डोळ्यांसमोर डेव्हलप करता येते. पाणी २४ आहे की ३०, थर्मामीटर आहे की फुटला, काही फरक पडत नाही. चित्र पुरेसं चढलं असं दिसलं की उचलायचं. पॅनला मिट्ट काळोख लागतो, आणि काळोखात तापमान आणि घड्याळ यांच्यावर विश्वास ठेवण्यावाचून इलाज नसतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ऑर्थो म्हणजे चालू प्रोग्रॅममध्ये डीबगर लावून आत बघणं, आणि पॅन म्हणजे रात्री जॉब सोडून सकाळी लॉग वाचणं.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला मुंबईत लागला तो याच लाल न दिसणाऱ्या फिल्मवरचा. त्या फिल्मला भोकं पाडण्यापासून रसायनं कालवून ती धुण्यापर्यंतची कामं दादरच्या घरात सरस्वतीबाई फाळके करत होत्या. युनिटचा स्वयंपाक सांभाळून! मुंबईच्या दमट हवेत, तिथल्या पाण्यात. फाळक्यांवर भरपूर लिहिलं गेलंय, सरस्वतीबाईंनी पाण्याचं काय केलं असेल यावर कुणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही. मला त्यांच्याशी तासभर बोलायला आवडलं असतं.

२०२२ च्या जानेवारीत मी लांज्याला गेलो तेव्हा आजोबा नव्वदीला आले होते आणि अंथरुणातून पडवीपर्यंत येणं एवढाच त्यांचा प्रवास उरला होता. आजी चौऱ्याऐंशी. रात्री जेवणं झाल्यावर ती मला म्हणाली, "आमचा दोघांचा एक काढ. तुझ्या त्या जुन्या यंत्रावर. तो टिकतो म्हणतोस ना?"

"पुढच्या खेपेला चांगल्या उजेडात काढू की. उन्हाळ्यात."

"आत्ताच काढ. नंतर नको."

ती पुढे काही बोलली नाही, पण ट्रंकेतला फोटो मला माहीत होता. मी पण काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या करंड्यातली पिंजर घेतली, स्वतःच्या मनगटाच्या मागच्या बाजूला मेण लावून त्यावर टिळा लावला आणि टेस्ट केसेस चालवल्या. माझ्याकडे एचपी५ होती आणि इल्फर्डची ऑर्थो प्लसचे दोन रोल. (ही ३५ मिलिमीटरमध्ये २०१९ पासून मिळते, हे आपलं नशीबच.) एचपी५ खिडकीच्या उजेडात, एचपी५ माजघरातल्या पिवळ्या बल्बखाली, एचपी५ वर हिरवट फिल्टर लावून, आणि ऑर्थो. दुपारपर्यंत निगेटिव्ह सुकले. बल्बखाली टिळा गायब, म्हणजे काका निर्दोष सुटला. खिडकीपाशी टिळा होता, पण धुवायचा राहिलेल्या डागासारखा. फिल्टर लावून स्पष्ट, गडद राखाडी. ऑर्थोवर १९५६!

मग फिल्टर की ऑर्थो? फिल्टर दोन स्टॉप खातो, त्यामुळे ४०० ची एचपी५ होते १०० ची. ऑर्थो दिवसाच्या उजेडात ८०. म्हणजे वेगाच्या बाबतीत उन्नीस-बीस. फरक चेहऱ्यात पडतो. ऑर्थोला कातडीतला लाल दिसत नसल्याने वांग, डाग, सुरकुत्या, सगळं ठळक उमटतं. शेतात आयुष्य गेलेल्या आजोबांचा चेहरा ऑर्थोवर जांभ्याच्या चिऱ्यासारखा येणार हे उघड होतं. पुस्तकी सल्ला विचाराल तर म्हाताऱ्या माणसांसाठी एचपी५ आणि फिल्टर, डोळे मिटून. मी दोन्ही काढायचं ठरवलं.

पडवीत, सकाळी साडेनवाला. ऊन अंगणात, ही दोघं सावलीत. आजोबांना आरामखुर्ची, आजीला शेजारी स्टूल. एफ ४, ऑर्थोला एकसाठांश सेकंद. आजी म्हणाली, "तिकडेस बघू की तुझ्याकडे?" आजोबांनी तिचा पदर नीट केला, तो एक फ्रेम मी घाईत काढला आणि तोच थोडा हललाय.

एचपी५ नेहमीप्रमाणे टाकीत धुतली. ऑर्थोचा मात्र सहा-सात फ्रेमचा तुकडा कापला आणि न्हाणीघरात ताटात धुवायला घेतला. दिवा म्हणजे सायकलचा मागचा लाल दिवा, भिंतीकडे तोंड करून. तो चालतो का हे आधी तपासलं होतं. फिल्मच्या तुकड्यावर रुपयाचं नाणं ठेवून दिव्याखाली पाच मिनिटं ठेवायचं आणि मग डेव्हलप करायचं. नाण्याचा गोल उमटला नाही तर दिवा चालतो. बाहेरून आजीचा आवाज, "मी येऊ का बघायला?" एरवी नाही म्हणावं लागलं असतं. लाल दिवा होता म्हणून ये म्हटलं.

ती दाराला टेकून उभी राहिली. मी तुकडा डी-२३ मध्ये मागेपुढे हलवत होतो. चौथ्या मिनिटाला अंगणाचा काळा पट्टा उमटला, मग आजोबांची टोपी, मग दोघांचे चेहरे करडे होत गेले. आणि एका करड्या कपाळावर ज्वारीच्या दाण्याहून लहान पांढरा ठिपका तसाच राहिला.

"हे पांढरं काय गो बाई?"

"तेच तुझं कुंकू. निगेटिव्ह आहे ना, सगळं उलटं दिसतं."

"म्हणजे फोटोत काळं होणार?"

"हो."

"होऊ दे."

नऊ मिनिटांना मी तुकडा उचलला. थर्मामीटर बघितलाच नव्हता.

दोन्हींच्या प्रिंट मारून महाशिवरात्रीला घेऊन गेलो. एचपी५ वाला फोटो माझ्या मते जास्त चांगला आहे, कातडी मऊ, पडवीच्या खांबाची लाकडी शीर दिसते, कुंकू स्पष्ट. आजीने दोन्ही दिव्याखाली धरले आणि ऑर्थोवाला निवडला. वळ्या, चट्टे, सगळं असलेला. लग्नातल्या फोटोच्या खाली खिळा मारून लावला, दोन्हीकडे सारखंच काळं कुंकू. आजोबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला आणि "मी बराच म्हातारा झालोय की" एवढंच म्हणाले.

आजोबा त्याच वर्षी आषाढात गेले. आजीने सांगितल्याप्रमाणे मी त्यानंतर तिचा फोटो काढलेला नाही.

पावसाळ्यात निगेटिव्हचं काय करता, हे आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर हमखास विचारलं जाईल. लांज्यात ठेवत नाही. जुलैत तिथे चामड्याच्या चपलेलाही बुरशी येते, जिलेटिन तर तिचं आवडतं खाणं. पुण्याला घेऊन येतो, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवतो, आणि जेल गुलाबी झालं की तव्यावर मंद आचेवर परत निळं करून घेतो.

मागच्या दिवाळीत आजीने ट्रंकेतला १९७४ चा फोटो स्वतःहून काढून दिला, निगेटिव्हसकट. मी स्कॅन केला. कपाळाच्या मध्यावर झूम करून आकडे वाचले. आजूबाजूच्या कातडीत आणि तिथे काही फरक नाही. जे फिल्मवर लिहिलंच गेलं नाही ते कुठलं सॉफ्टवेअर वाचणार. आईने विचारलं, फोटोशॉपमध्ये टिकली लावता येईल ना? येईल, दोन मिनिटांचं काम. आजी नको म्हणाली. फाइल तशीच ठेवली आहे.